तपास अधिकाऱ्याचा भूतकाळ हेच रहस्य असेल, तर तपास कोणाचा? (इयन रँकिन यांची ‘नॉट्स अँड क्रॉसेस’)

कृष्णाकाठ :

नमस्कार. इयन रँकिन यांची ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. एडिंबरा पोलिसांतील जॉन रीबस या अधिकाऱ्याची ही पहिली कथा १९८७ साली लंडनच्या बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेने काढली. ती रँकिन यांची पहिलीच कादंबरी असल्याचे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, परंतु त्याआधी १९८६ मध्ये त्यांची ‘द फ्लड’ प्रसिद्ध झाली होती आणि तिचा पोलिसांशी काही संबंध नव्हता. तेव्हा हे पदार्पण रीबसचे आणि रँकिन यांच्या रहस्यलेखनाचे आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. पुस्तक आवडले की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे. पुढे शेवटापर्यंतचे सगळे रहस्य उघड केलेले आहे. ज्यांना कादंबरी वाचायची असेल, त्यांनी येथेच थांबावे.

रीबस ४१ वर्षांचा डिटेक्टिव्ह सार्जंट आहे. घटस्फोट झालेला, मुलगी समंथा आईकडे राहणारी, दारू अंमळ जास्त, देवावर श्रद्धा आहे पण कोणत्याच चर्चमध्ये मन रमत नाही, असा हा माणूस. धाकटा भाऊ मायकेल रंगमंचावर संमोहनाचे प्रयोग करतो आणि आतून अमली पदार्थांच्या धंद्यात गुंतलेला आहे. शहरात लहान मुलींना पळवून नेऊन त्यांचे गळे आवळले जात आहेत, आणि त्याच दिवसांत रीबसला निनावी पाकिटे येऊ लागतात. कधी त्यांत गाठ मारलेला दोरा असतो, कधी आगकाड्यांचा क्रूस. कोणीतरी आपली चेष्टा करत आहे असे समजून तो ती बाजूला ठेवून देतो. शेवटी कळते ते असे की, लष्कराच्या एसएएस या विशेष दलात निवड होत असताना रीबसबरोबर कोठडीत डांबला गेलेला गॉर्डन रीव्ह हा त्याचा सहकारी सूड उगवत आहे, आणि मारल्या गेलेल्या चार मुलींच्या नावा-आडनावांची आद्याक्षरे जोडली की ‘समंथा’ हे नाव तयार होते.

माझ्या शंका अशा. पहिली म्हणजे, पाकिटांचा खुनांशी संबंध आहे हे वाचकाला दुसऱ्या पाकिटालाच कळून चुकते, मग मुरलेल्या पोलिसाला ते का कळू नये? दुसरी, आद्याक्षरांची जुळणी पोलिसांपैकी कोणीच करत नाही. इंग्रजीचा एक प्राध्यापक ती आपण होऊन कळवतो. कोठडीत काय घडले, हेदेखील तपासातून उलगडत नाही, तर मायकेल आपल्या भावाला संमोहित करतो आणि मग ते बाहेर येते. लहानपणी बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचलेल्या माझ्यासारख्या वाचकाची एवढीच माफक अपेक्षा असते की, नायकाने निदान एखादा धागा तरी स्वतः सोडवावा. येथे रीबस जे शोधायचे ते डोक्यात घेऊनच हिंडतो, आणि ते काढून दुसरेच कोणी देते.

मग रीबसचे हे सारे दुःख कथेला आवश्यक आहे की केवळ वातावरणासाठी लावलेला रंग आहे? आणि मालिका पुढे वाचायची असेल, तर हे पुस्तक पायाचे मानावे की ओलांडून जावे?


उत्तररात्र :

तुमच्या तिन्ही निरीक्षणांशी मी सहमत आहे, आणि तरीही निष्कर्षाशी नाही. ही कादंबरी लिहिताना रँकिन रहस्यकथा लिहायला बसलेच नव्हते. ते एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश कादंबरीकार म्यूरिअल स्पार्क यांच्या साहित्यावर पीएचडीसाठी संशोधन करत होते, आणि त्या कामाला दांडी मारून त्यांनी हे पुस्तक लिहिले. डोक्यात होती ती रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची १८८६ सालची कथा, जिच्यात जेकिल हा सभ्य डॉक्टर आणि दुष्ट हाइड ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. तिला विसाव्या शतकातील एडिंबरामध्ये आणून, डॉक्टरऐवजी पोलिसाला जेकिलच्या जागी बसवावे, अशी ती कल्पना होती. पुस्तक दुकानात रहस्यकथांच्या फडताळात लागलेले पाहून ते खट्टू झाले आणि प्रती उचलून स्कॉटिश साहित्याच्या फडताळात नेऊन ठेवू लागले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे.

हे ध्यानात घेतले की ‘पोलिसाला का कळू नये’ या प्रश्नाचे स्वरूप बदलते. रीबसला कळत नाही, कारण कळून घेणे त्याला परवडणारे नाही. त्याच्या मनात एक दार बंद आहे आणि पाकिटे नेमकी त्या दारावर येऊन पडत आहेत. वाचकाला मात्र आणखी एक संशय यावा, अशी लेखकाची इच्छा होती: खुनी रीबस स्वतःच तर नसेल? पुस्तक त्या दृष्टीने पुन्हा चाळून पाहा. पहाटे दुकानाबाहेर ठेवलेले पाव आणि दूध हा पोलीस अधिकारी खुशाल उचलून नेतो. त्याच्या आठवणीत सैन्याचा काळ जवळजवळ कोरा आहे. जिम स्टीव्हन्स नावाचा वार्ताहर मायकेलच्या धंद्याचा माग काढताना मोठ्या भावावरही संशय धरून बसतो. संमोहनाचा प्रसंग मला म्हणूनच खटकला नाही. ज्याच्या मनावर त्याचा स्वतःचाच पहारा आहे, त्याच्याकडून चौकशी करून काय निघणार?

एडिंबराला या दुहेरीपणाचा जुना वारसा आहे, आणि हे पुस्तक त्यात मुद्दाम नाव नोंदवते. विल्यम ब्रोडी हा अठराव्या शतकातील प्रतिष्ठित सुतार, शहराच्या कारभारी मंडळाचा सदस्य. दिवसा गिऱ्हाइकांची कपाटे आणि कुलपे करावीत आणि रात्री त्यांचीच घरे फोडावीत, असा त्याचा क्रम होता. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. स्टीव्हन्सन लहान असताना त्यांच्या खोलीत ब्रोडीने बनवलेले एक कपाट होते, आणि जेकिलच्या कल्पनेचे एक मूळ तेथे आहे. गंमत अशी की स्टीव्हन्सन यांनी आपली कथा लंडनमध्ये घडवली. रँकिन यांनी ती स्वगृही आणली, असे म्हणता येईल. त्यापूर्वी १८२४ मध्ये जेम्स हॉग यांनीही देवाने आपल्याला निवडले आहे अशा समजुतीने पाप करत सुटलेल्या माणसाची कादंबरी लिहिली होती. रीबसचा धर्माशी चाललेला अस्वस्थ झगडा मला त्या परंपरेतला वाटतो. तो नुसता स्वभावविशेष म्हणून चिकटवलेला नाही.

आणखी एक बाब. पहिल्या आराखड्यात रीबस शेवटी मरणार होता, असे रँकिन यांनी सांगितलेले आहे. एका माणसाच्या अंतापर्यंत नेणारी एकच कथा म्हणून ती वाचली, तर तुम्हाला खटकलेली बरीचशी जुळवाजुळव सुसंगत वाटू लागेल.


सरळरेघ :

उत्तररात्र यांनी लेखकाचा हेतू उत्तम सांगितला आहे, पण हेतू ही काही कादंबरीची गुणवत्ता नव्हे. लेखकाला जे करायचे होते ते पानांवर उतरले असते, तर त्याला नंतर ते सांगत फिरावे लागले नसते. जेकिलची छाया त्या वेळी जवळजवळ कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि म्हणून रँकिन यांना १९९१ मधील दुसऱ्या रीबस कादंबरीत तीच गोष्ट अधिक उघडपणे मांडावी लागली. वाचक एकदा चुकू शकतो, पण सगळेच वाचक चुकले असतील तर दोष लिखाणाकडे जातो.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो कृष्णाकाठ यांनी जाता जाता केलेल्या उल्लेखातच आहे. चार मुली मरतात, आणि त्या मरण्याचे कथेतील काम काय, तर प्रत्येकीने दोन अक्षरे पुरवायची. त्यांच्या आईवडिलांना दार उघडल्यावर काय ऐकावे लागले, त्यांच्या शाळेत दुसऱ्या दिवशी काय झाले, याला फारशी जागा नाही, कारण जागा सगळी रीबसच्या जखमेने व्यापलेली आहे. अधिकाऱ्याचे दुःख जेव्हा रहस्याचे उत्तर होऊन बसते, तेव्हा मृतांचे दुःख त्या उत्तराकडे नेणारे साधन होते. ‘त्रस्त पोलीस’ या प्रकारातील बहुतेक कादंबऱ्यांचे हेच दुखणे आहे, आणि येथे ते अगदी उघड्यावर पडले आहे.

याच्या शेजारी विल्यम मॅकिल्व्हॅनी यांची ‘लेडलॉ’ ठेवून पाहावी. ती १९७७ मधली, म्हणजे रीबसच्या दहा वर्षे आधीची, आणि ग्लासगोची. मॅकिल्व्हॅनी तेव्हा नवखे नव्हते. १९७५ मध्ये त्यांच्या ‘डॉकर्टी’ या खाणकामगारांच्या कादंबरीला व्हिटब्रेड पुरस्कार मिळालेला होता. अशा लेखकाने पोलीसकथा लिहावी याचे अनेकांना नवल वाटले. जॅक लेडलॉ हाही त्रस्तच आहे. संसार मोडकळीला आलेला, कामाच्या दिवसांत तो हॉटेलात मुक्काम ठोकतो, वरिष्ठांशी पटत नाही. त्याच्या मेजाच्या कुलूपबंद खणात दुसऱ्या एखाद्या पोलिसाने दारू लपवावी तशी किर्केगार्द, काम्यू आणि उनामुनो या तत्त्वचिंतकांची पुस्तके आहेत. परंतु या त्रासाचा खुनाशी कोणताही गुप्त संबंध नाही. खुनी कोण, हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. प्रश्न उरतो तो एवढाच की पोलीस त्याला आधी गाठतात की मारल्या गेलेल्या मुलीचा बाप आणि शहरातले गुंड. लेडलॉचे दुःख त्याच्या पाहण्यात आहे. ज्याने खून केला त्याला राक्षस म्हणून मोकळे होणे तो नाकारतो, कारण राक्षस म्हटले की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. रीव्ह मात्र अगदी शिक्का मारून दिलेला राक्षस आहे. दोन्ही लेखकांच्या वकुबातला फरक मला येथे दिसतो, निदान त्या टप्प्यावर तरी.

रँकिन यांना याची जाणीव होती, हेही नमूद केले पाहिजे. १९८५ मध्ये एडिंबराच्या ग्रंथमहोत्सवात त्यांनी मॅकिल्व्हॅनी यांना गाठून सांगितले की, मी लेडलॉसारखेच काहीतरी लिहीत आहे, फक्त ते एडिंबरामध्ये घडते. मॅकिल्व्हॅनी यांनी प्रतीवर स्वाक्षरी करताना ‘एडिंबराच्या लेडलॉ’ला शुभेच्छा लिहून दिल्या. पुढे मॅकिल्व्हॅनी यांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले लेडलॉचे हस्तलिखित रँकिन यांनीच पूर्ण केले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऋण इतक्या नीट फेडलेले क्वचितच पाहायला मिळते. पण म्हणून पहिल्या पुस्तकाला सूट देता येत नाही.


फोर्थपार :

मी बरीच वर्षे एडिंबराला राहते, त्यामुळे थोडी स्थळाची बाजू मांडते. वादाच्या मुद्द्याशी तिचा संबंध आहे.

रीबस मार्चमाँट भागातील आर्डेन स्ट्रीटवर राहतो. हा रस्ता खरा आहे, आणि कादंबरी लिहिताना रँकिन स्वतः तेथेच राहत होते. पिवळसर-करड्या दगडाच्या चार-चार मजली चाळवजा इमारती, एकच सामाईक जिना, आणि विद्यापीठ जवळ असल्याने बहुतेक बिऱ्हाडे विद्यार्थ्यांची. चाळिशी ओलांडलेला घटस्फोटित पोलीस तेथे एकटा राहतो, हे मुळातच विसंगत आहे, आणि मला ते फार बोलके वाटते. वस्तुतः तो फ्लॅट चोवीस-पंचवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याचा आहे, आणि त्यात मनाने तसाच एक माणूस वयाची सोळा-सतरा वर्षे वाढवून बसवलेला आहे. पहिल्या पुस्तकातला रीबस मोठ्या लेखकांचे दाखले सहज देतो आणि जाझ ऐकतो. नंतरच्या पुस्तकांत तो रोलिंग स्टोन्सकडे वळला आणि अधिक पटण्याजोगा झाला.

त्याचे ग्रेट लंडन रोडवरील पोलीस ठाणे मात्र काल्पनिक आहे. पुढे ते मालिकेतच आगीत जळून जाते आणि रीबसची रवानगी सेंट लेनर्ड्स या खऱ्या ठाण्यात होते. रँकिन यांनी हळूहळू काल्पनिक जागा काढून खऱ्या जागा घातल्या, तसतसे शहर कथेत खोल गेले. पहिल्या पुस्तकात पर्यटकांना दिसणारे किल्ल्याचे एडिंबरा आणि त्याच्या पाठीमागचे एडिंबरा यांचा विरोध आहे, पण तो बराचसा सांगितलेला आहे, दाखवलेला कमी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास या शहरात हेरॉइनने थैमान घातले होते आणि सामाईक सुयांमुळे एचआयव्हीचा फैलाव इतका झाला होता की वर्तमानपत्रे त्याला युरोपची एड्स-राजधानी म्हणत. मायकेलच्या धंद्याच्या निमित्ताने ही सारी वस्तुस्थिती लेखकाच्या हाताशी होती. तिला त्यांनी नुसता स्पर्श केला आणि ते पुन्हा कोठडीकडे वळले.

पोलिसी कामकाजाचेही तेच. कृष्णाकाठ यांना तपास विरळ वाटला, कारण तो विरळच आहे. रँकिन यांना तेव्हा पोलिसांच्या कामाची माहिती नव्हती. ती मिळवण्यासाठी ते लीथच्या ठाण्यात गेले आणि कथानक सांगू लागले. योगायोगाने त्या सुमारास एका लहान मुलीच्या अपहरणाचा खराखुरा तपास चालू होता, त्यामुळे समोरच्या अधिकाऱ्यांनी माहिती देण्याऐवजी या तरुणाचीच उलटतपासणी केली. त्यानंतर काही काळ आपण ठाण्यांपासून लांबच राहिलो, असे ते मुलाखतींत सांगतात. याचा परिणाम असा की, स्कॉटलंडची न्यायव्यवस्था इंग्लंडहून स्वतंत्र आहे, हे या पुस्तकात फारसे जाणवत नाही. येथे संशयास्पद मृत्यूच्या चौकशीसाठी इंग्लंडप्रमाणे कॉरोनर नसतो. ती जबाबदारी प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाची असते, आणि पोलीस त्याच्या सूचनेने तपास करतात. एकाच साक्षीवर दोष सिद्ध होत नाही, पुराव्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. म्हणून संशयास्पद मृत्यूचे शवविच्छेदनही दोन डॉक्टर मिळून करतात. ज्यूरीत १५ जण बसतात. नंतरच्या रीबस कादंबऱ्यांत हे बारकावे कथेला वळण देतात. पहिल्या पुस्तकात ते असते, तर आपले गुपित आपल्याच डोक्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला व्यवस्थेने कधीच जाब विचारला असता, आणि कदाचित कथाच टिकली नसती.

लेखकाचा हेतू पानांवर उतरलेला नाही, या सरळरेघ यांच्या मताशी मी एका ठिकाणी असहमत आहे. शेवट वाचनालयाच्या खालच्या भुयारांत होतो, हे केवळ थरारासाठी नाही. जुन्या एडिंबराचे रस्ते खरोखरच रस्त्यांवर चढवलेले आहेत. साउथ ब्रिज आणि जॉर्ज चौथा ब्रिज हे दरी ओलांडणारे पूल आहेत, पण त्यांच्या दोन्ही अंगांना इमारती लागल्यामुळे आपण पुलावर आहोत हे पादचाऱ्याला कळतही नाही. खाली मात्र दुसरा रस्ता, तळघरे आणि अंधार असतो. मध्यवर्ती वाचनालय याच दुसऱ्या पुलावर उभे आहे. रीबसचे मन जसे रचले आहे, तसेच हे शहर रचलेले आहे, आणि कादंबरीतली ही एक गोष्ट रँकिन यांनी स्पष्टीकरण न देता केली आहे.


गुंतागाठ :

‘अधिकाऱ्याचे दुःख आवश्यक की शोभेचे’ हा प्रश्न मला या पुस्तकापुरता सोपा वाटतो: ते आवश्यक आहे, इतके की सगळे कथानक त्यावरच उभे आहे. अडचण त्यामुळेच येते. नायकाच्या मनातले बंद दार पहिल्याच कादंबरीत उघडून दाखवले, तर दुसऱ्या कादंबरीसाठी आत काय उरते? एकच कथा लिहायची होती तोवर हे ठीक होते, पण रीबस जिवंत राहिला आणि मालिका झाली. रँकिन यांनी यातून काढलेली वाट शहाणपणाची आहे. त्यांनी एसएएसची आठवण हळूहळू मागे सारली, नवे गुप्त आघात शोधण्याचा मोह टाळला, आणि रीबसचा त्रास सवयींत मुरू दिला: दारू, एकटेपणा, वरिष्ठांची आज्ञा मोडणे, कोणतेही प्रकरण स्वतःच्या अंगावर घेणे. गुपित शिल्लक राहिले ते शहरापाशी आणि देशापाशी. म्हणून मी पहिल्या पुस्तकाला पाया म्हणणार नाही. इमारत नंतर थोड्या बाजूच्या जागेवर उभी राहिली.

तुलनेसाठी दोन खरीखुरी पदार्पणे सुचवतो. स्टुअर्ट मॅकब्राइड यांची पहिली कादंबरी ‘कोल्ड ग्रॅनाइट’ २००५ मध्ये आली. ती अबर्डीनची आहे. लोगन मॅक्रे हा डिटेक्टिव्ह सार्जंट पोटात सुरा खुपसला गेल्यामुळे वर्षभर रजेवर होता, तो कामावर परततो आणि समोर लहान मुलांचे खून. बळी कोवळे आणि अधिकारी जखमी, म्हणजे मांडणी रीबसच्या पहिल्या कथेजवळचीच. परंतु येथे जखम गुप्त नाही. ठाण्यातल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे आणि मेलेला परत आला म्हणून ते त्याला लाझरस या टोपणनावाने चिडवतात. ती कामात आडवी येते, एवढेच तिचे कार्य. त्यामुळे पुढच्या पुस्तकांत ती तशीच चालू राहू शकते. शिवाय अबर्डीनचा डिसेंबर, न थांबणारा पाऊस आणि सदैव गोळ्या-चॉकलेटे खाणारा इन्स्पेक्टर इन्श यांमुळे इतक्या भीषण विषयातही विनोदाला जागा मिळते, जी रँकिन यांच्या पहिल्या पुस्तकात जवळजवळ नाही.

दुसरे, डेनीस मीना यांचे १९९८ मधील ‘गार्नेटहिल’. त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम पहिल्या रहस्यकादंबरीचा जॉन क्रीझी पुरस्कार मिळाला. यातील मोरीन ओडॉनेल पोलीस नाही. मनोरुग्णालयात राहून आलेली ग्लासगोची ही तरुणी एका सकाळी आपल्याच घरात प्रियकराचे प्रेत पाहते. तिचा पूर्वेतिहास पाहून पोलीसच काय, घरचेही तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तपास तिला स्वतः करावा लागतो. दुःखाने कथेत नेमके काय काम करावे, याचे मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही. जखम येथे उत्तर म्हणून येत नाही, अलंकार म्हणूनही येत नाही. ती साक्षीदाराची पत काढून घेते, आणि पत नसलेल्या माणसाने सत्य सिद्ध कसे करायचे, हा कादंबरीचा सगळा ताण आहे. सरळरेघ यांचा बळींविषयीचा आक्षेपही येथे लागू पडत नाही, कारण गुन्ह्याची झळ ज्यांना लागली तेच मध्यभागी आहेत.


उत्तररात्र :

गुंतागाठ यांचा ‘बाजूच्या जागेवर उभी राहिलेली इमारत’ हा मुद्दा मान्य. बळींविषयी मात्र एक पुरवणी जोडतो. मुलींची अक्षरे होणे हे रीव्हच्या डोक्यातले गणित आहे. त्याला माणसे अक्षरांसारखी वापरता येतात, हेच त्याचे अमानुषपण. लेखकाने तेच गणित कथेच्या रचनेतही राहू दिले, त्याला छेद दिला नाही, ही उणीव आहेच. पण ती निष्काळजीपणातून आलेली नसून, सगळी कथा दोन पुरुषांच्या कोठडीत बंद करण्याच्या अट्टहासातून आलेली आहे. पोलिसांची प्रसिद्धी सांभाळणारी इन्स्पेक्टर गिल टेम्पलर पाहा. तिच्यात स्वतंत्र कादंबरी पेलण्याचा ऐवज आहे, आणि संमोहनाच्या प्रसंगी तिला तेथे साक्षीदार म्हणून केवळ बसवून ठेवले आहे.


कृष्णाकाठ :

सर्वांचे आभार. आद्याक्षरांविषयी मला जे नुसते बोचत होते, त्याचे कारण सरळरेघ यांनी नेमके दाखवून दिले. फोर्थपार यांनी पुलांविषयी लिहिलेले वाचून शेवटची दोन प्रकरणे पुन्हा वाचली, आणि ती आता अधिक चांगली वाटली. संमोहनाचा प्रसंग मात्र अजूनही पचत नाही. मनावर पहारा आहे हे मान्य केले, तरी तो पहारा उठवण्याचे कसब असणारा भाऊच नेमका घरात असावा, ही सोय फारच हातची आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न. मालिका क्रमाने वाचण्याइतका धीर माझ्याकडे नाही. दुसऱ्या पुस्तकाकडे जावे, की थेट ‘ब्लॅक अँड ब्लू’ घ्यावे? त्यात खरे गुन्हे मिसळले आहेत असे ऐकले. ते कितपत खरे आहेत?


सरळरेघ :

थेट ‘ब्लॅक अँड ब्लू’ घ्या. ते १९९७ मधले, मालिकेतील आठवे पुस्तक, आणि ब्रिटनमधील रहस्यलेखक संघटनेचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळवून रँकिन यांना खऱ्या अर्थाने मोठे वाचकवर्ग देणारे. रीबस तोवर इन्स्पेक्टर झालेला आहे, आणि मागचे माहीत नसले तरी अडत नाही.

खऱ्या गुन्ह्यांविषयी सांगायचे तर, १९६८ आणि १९६९ मध्ये ग्लासगोत तीन स्त्रियांचे खून झाले. तिघीही बॅरोलँड या नृत्यगृहात गेलेल्या होत्या. संशयिताने बायबलमधील वचने सांगितल्याचे साक्षीत आल्यामुळे वृत्तपत्रांनी त्याला ‘बायबल जॉन’ हे नाव दिले. तो कधीच सापडला नाही. कादंबरीत कित्येक वर्षांनी त्याची नक्कल करणारा नवा खुनी येतो, आणि मूळ खुनी हयात असेल तर त्याला या नकलेविषयी काय वाटेल, हा प्रश्न रँकिन धरतात. मी वर केलेला आक्षेप येथेही थोडाफार उभा राहतो, कारण ज्यांचे नातेवाईक हयात आहेत अशा मृतांची ही गोष्ट आहे. तरी या वेळी लेखकाला त्या ओझ्याची कल्पना आहे.


फोर्थपार :

एवढीच भर घालते की, ‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये रीबस एडिंबरा सोडून अबर्डीन आणि शेटलंड बेटांकडे जातो, आणि उत्तर समुद्रातील तेलाच्या पैशाने त्या किनाऱ्याचे काय केले, हे त्यात सविस्तर आहे. तेव्हा गुंतागाठ यांनी सुचवलेले ‘कोल्ड ग्रॅनाइट’ही वाचणार असाल, तर आधी हे वाचा. तेलाच्या भरभराटीतले अबर्डीन डोळ्यांसमोर असले की मॅकब्राइड यांच्या ठाण्यातले ओले, कुरकुरे अबर्डीन अधिक रंगते.